खराब करता येईल अशी वही

प्रिय नाना,

तर स्पायरलची पण बाद.

सकाळी अजून एकदा उघडून बघितली. दिसायला मस्त आहे, पूर्ण मागे वळते, एका हातात धरून लिहिता येतं. पण ती तार ओढणीत अडकते, पर्समध्ये चार्जरच्या वायरीत अडकते, आणि एकदा का वाकली की पान उलटताना निम्मं तिथंच राहतं. तुम्ही असता तर तार काढून ठेवून घेतली असती आणि कागद मला परत दिला असता.

म्हणजे पाचातल्या तीन गेल्या, दोन उरल्या. आज शनिवार. उद्या सकाळच्या बसने मला धुळ्याला जायचंय, काकूकडे. आणि काकूने वही मागवलीय. गुरुवारी फोन आला, पाणी भरलं का, जेवली का, ऊन किती आहे, सगळं झालं आणि शेवटी म्हणाली, "येतांना एक वही लई ये." कशाला हवी म्हटलं, तर म्हणाली, लागते. बस, एवढंच.

त्या दिवसापासून मी नुसती फिरतेय. ऑफिस सुटलं की स्टेशनरीची दुकानं. एकाच दुकानात तीनदा गेले, तर तो दुकानदार विचारतो, "मॅडम, शाळा काढताय का?" आईला विचारलं कुठली घेऊ, तर ती म्हणे, अगं वही घ्यायचीय तुला, नवरा नाही निवडायचा. बाबा नेहमीचंच बोलले, माझ्या मोठ्या भावाने हिला बिघडवून ठेवलीय. आता सांगा, हे मी कुणाशी बोलणार? तुमच्याशीच ना. म्हणून दुपारी कूलरसमोर बसून हे पत्र लिहितेय. मराठीत लिहितेय, चुका काढू नका. इंग्लिश मीडियमची पोरगी आहे मी, तुम्हीच चिडवायचात, हिला अठ्ठावन्न म्हणजे किती ते आधी सांगावं लागतं.

खरं सांगू? वही निवडायला मला भीती वाटतेय. कारण मागच्या वेळी मी इतक्या हौसेने वही निवडली होती, ती तुमच्यासाठी होती. आणि त्या वहीने काय केलं ते मला आत्ता दोन महिन्यांपूर्वी कळलं.

सांगते. पण आधी या वह्यांचं ऐका, नाहीतर मला धड सांगता येणार नाही.

तुम्हाला माहितीये मी कंपनीत पाइप तपासते. वाकवायचा, दाबायचा, गरम करून बघायचा, आणि मग पास की नापास ते लिहायचं. तसंच मी वह्यांचं केलंय. पहिली ती जाड, वर इंग्लिशमध्ये स्वप्नांबद्दल काहीतरी छापलेली. स्कूटीच्या डिक्कीत ठेवली, अकरा ते चार. मे महिन्यातलं जळगाव! बाहेर काढली तर पाठीचा गोंद मऊ झालेला, मधली वीस-पंचवीस पानं हातात. बाद. दुसरी तारीखवाली डायरी. कागद एकदम छान आहे तिचा, पण ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवसाचं पान कोरं राहतं आणि तोंड वर करून बघत बसतं. डायरीने आपल्याकडे हिशोब मागितल्यासारखं वाटतं, का नाही लिहिलं, काल कुठे होतीस. आयडिया काय रोज सकाळी दूधवाल्यासारखी येते का? बाद. तिसरी स्पायरल, ती तर आत्ताच गेली.

आणि मी तेलाची पण टेस्ट केली. बोटाला खोबरेल लावलं, पान धरलं, त्यावर बॉलपेन चालवून बघितलं. चकचकीत कागदावर पेन घसरतं नुसतं, अक्षर उमटतच नाही. साध्या, जरा खरबरीत कागदावर डाग पडतो पण अक्षर उमटतं. ही टेस्ट कुणामुळे सुचली ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या दुकानात मी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचे तेव्हा मला सगळ्यात जास्त काय आवडायचं, माहितीये? व्हार्निशचा वास. आणि तुमच्या चिठ्ठ्या. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, साक्रीकडून, सोनगीरकडून, तुम्ही आणि भिकनभाऊ जुनी तार उपसून नवी भरायचात. मोटारीच्या खाचांमध्ये घालायला तो जाड, चिवट कागद कापायचात ना, त्याच्या उरलेल्या पट्ट्या तुम्ही कधी फेकल्या नाहीत. काही सुचलं की घ्यायची पट्टी, कानावरचं बॉलपेन काढायचं, लिहायचं, खाली तारीख टाकायची, आणि तांब्याच्या तारेच्या कड्यात ओवून खिळ्याला लटकवायची. मी एकदा पेन्सिल दिली तर किती रागावला होतात! म्हणालात, मोटारीच्या कागदाजवळ पेन्सिल नको, शिसं करंट ओढतं. मी तेव्हा पाचवीत होते. सुट्टी संपल्यावर शाळेतल्या सगळ्या पोरींना सांगितलं की पेन्सिलीला शॉक लागतो.

काय काय लिहायचात तुम्ही! कुकरच्या शिट्ट्या मोजणारं मीटर. एसटीच्या खिडकीला लोहचुंबकाचा पडदा. दोन्ही बाजूंनी घालता येईल अशी चप्पल. माझी शाळेची बॅग बघून, खालून बारकी चाकं. मी म्हटलं नाना, अशी बॅग मिळते दुकानात. तुम्ही म्हणालात, मिळते का? मग बरोबर आहे माझं. इतके खूश झालात की जणू त्या कंपनीने तुम्हालाच विचारून केली.

पण मला त्या पट्ट्यांची लाज वाटायची, नाना. हे लिहायलाच हवं. लहानपणी नाही, नंतर. कॉलेजला गेल्यावर. मला वह्यांचं वेड लागलेलं. कुठला कागद किती जाड, कुठल्या वहीत शाई मागे उतरत नाही, कुठली टेबलावर सपाट उघडते, मी तासन्‌तास व्हिडिओ बघायचे. आणि इकडे माझे नाना, ज्यांच्या डोक्यात माझ्यापेक्षा शंभरपट जास्त काहीतरी चालू असतं, ते लिहितात कशावर, तर कचऱ्यावर. मला वाटायचं, यांना फक्त एक चांगली वही मिळायला हवी. मग बघा.

पहिला पगार झाला आणि पहिली दिवाळी आली. मी पंधरा दिवस शोधली ती वही. काळं कव्हर, शिवलेली, कागद असा की दोन्ही बाजूंनी लिहा, बंद करायला इलॅस्टिक, आत खुणेची रेशमी रिबन. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी तुमच्या हातात दिली. तुम्ही आधी मोरीवर जाऊन साबणाने हात धुतलेत. दोनदा. मग धोतराला पुसून वही घेतलीत, वास घेतलात, पानावरून अंगठा फिरवलात. आणि म्हणालात, "इतली भारी वही? यामा मी काय लिखू व माय?"

मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. मी म्हटलं, आयडिया लिहा, दुसरं काय! आणि ते पट्ट्यांवर लिहिणं आजपासून बंद. प्रॉमिस करा. तुम्ही हसलात. मी म्हटलं हसू नका, प्रॉमिस. तुम्ही केलंत.

संध्याकाळी दुकानात पूजा मांडली तेव्हा दरवर्षीसारखं कामाचं रजिस्टर ठेवलंत पाटावर, आणि त्याच्या शेजारी माझी वही. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढलंत, वर श्री लिहिलंत, हळद वाहिलीत, एक फूल ठेवलंत. मी फोटो काढला. माझ्या वहीची पूजा झाली म्हणून मी इतकी फुगले होते! स्टेटसला पण ठेवला. तेव्हा कुणीच कसं नाही बोललं मला? एकदा ज्या वहीला हळदकुंकू लावलं, तिच्यात तुम्ही मोटारीचे काळे हात घालणार होतात का? रजिस्टर दरवर्षी पूजेला बसतं पण ते आधीपासून मळलेलं असतं, दुसऱ्या दिवशी परत कामाला लागतं. माझी वही कोरी होती. ती पाटावरून उठली ती डायरेक्ट देवाच्या वस्तूंत जाऊन बसली.

आणि आता मी तुमच्यावर पण जरा चिडणार आहे. तुम्ही मला फोन करून सांगितलं का नाही? मयू, असं असं झालं, ही वही जास्तच चांगली आहे, मला जमत नाहीये, दुसरी दे. मी दिली असती की! का नाही बोललात? मला वाईट वाटेल म्हणून? हे बघा, आता वाटतंय ते काय आहे?

थांबा. पाणी पिऊन येते.

हां. मेमधला तो फोन. मागच्या वर्षीचा मे. मी कंपनीच्या गेटवर, स्कूटी लावत होते, पंचिंगला चार मिनिटं राहिलेली. तुमचा फोन. "माले एक सुचनं शे. तुन्यासाठी. ऐक." आवाज असा की तुम्ही उभं राहून बोलताय हे कळत होतं. सुचलं की तुम्ही उभेच राहायचात. आणि मी काय म्हणाले, तर नाना, मी गेटवर आहे, लेट मार्क लागेल, वहीत लिहून ठेवा ना, आले की वाचते.

तुम्ही म्हणालात, बरं माय. लिखी ठेवसू.

त्यानंतर आपण दोनदा बोललो. एकदा आंब्यांबद्दल, एकदा बाबांच्या गुडघ्याबद्दल. मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात ते पक्कं होतं की वहीत आहे. जाईन तेव्हा वाचीन. वही कुठे पळून जातेय? वही नाही गेली, नाना. जूनमध्ये तुम्हीच गेलात, दुकानात, स्टुलावर बसल्याबसल्या, भिकनभाऊ चहा सांगायला गेले तेवढ्यात.

तेराव्यानंतर मी काकूला विचारलं, वही कुठेय? तिने कपाटातून तिच्या लग्नातल्या शालूखालून काढली. प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसकट. इलॅस्टिक तसंच. पहिल्या पानावर स्वस्तिक, श्री. दुसरं पान कोरं. तिसरं कोरं. मी शेवटपर्यंत बघितलं, मग मागून पुढे बघितलं, मग उलटी धरून झटकली, एखादी चिठ्ठी पडेल म्हणून. हळदीची पूड पडली थोडीशी.

पण तेव्हासुद्धा मला वाटलं, ठीक आहे, नाना ऐकत नाहीत माझं, पट्टीवरच लिहिलं असणार. दुकानात असेल. मग दुकान बंद राहिलं, मग भिकनभाऊंनी उघडलं, मी जळगावला, माझी शिफ्ट, हे, ते. जाणं झालं ते यंदा मार्चमध्ये. काकू म्हणाली, खिळ्याला लटकलेलं सगळं उतरवून घे, भिकनभाऊला भिंतीला रंग द्यायचाय.

अकरा कडी निघाली, नाना. अकरा! मी दुकानाच्या ओट्यावर सतरंजी टाकून सगळ्या पट्ट्या पसरल्या आणि तारखेने लावायला घेतल्या. तुमचं अक्षर मला पटकन वाचता येत नाही, मी एकेक भिकनभाऊंना विचारत होते. निम्म्या चिठ्ठ्यांखाली एकच वाक्य होतं. मोटार जळायच्या आधी वास येतो, तो ओळखणारं यंत्र असतं का, मयूला विचारणे. केळीचा घड उतरवायला खांद्यावर गादी, मयूला विचारणे. धुळ्याहून फोन केला तर पावसाचा आवाज जळगावला ऐकू येतो का, मयूला विचारणे. भिकनभाऊ वाचून दाखवत होते आणि मी एका हाताने तारीख बघत होते, एका हाताने डोळे पुसत होते, आणि मधूनच हसू पण येत होतं. हा कसला प्रश्न आहे पावसाचा! विचारला का नाही कधी?

आणि मग चिठ्ठ्या संपल्या.

शेवटच्या चिठ्ठीवर धनत्रयोदशीची तारीख. म्हणजे मी वही दिली त्याच्या दोन दिवस आधीची. त्यानंतर काहीच नाही. मला वाटलं एखादं कडं राहिलं असेल. भिकनभाऊंना म्हटलं, अजून कुठे लटकवायचे का नाना? गल्ल्याच्या वर? मागच्या खोलीत?

भिकनभाऊ हातातलं काम ठेवून माझ्यासमोर उकिडवे बसले. तुम्हाला माहितीये, ते कधी धड बसत नाहीत. म्हणाले, "नही व माय. नाना म्हनेत, मयूले शबद देयेल शे, आते चिठ्ठी बंद."

मी म्हटलं, मग वहीत का नाही लिहिलं?

"मी बी तेच म्हनू. नाना म्हनेत, मना हात काया शेतस."

काळे हात. एवढंच.

भिकनभाऊंनी सांगितलं की सुरुवातीला तुमचा हात सवयीने पट्टीकडे जायचा. पट्टी उचलायचात, कानावरचं पेन काढायचात, आणि मग पट्टी परत ठेवून द्यायचात. ते तुम्हाला चिडवायचे, लिखा हो नाना, मयू काय जळगावहून बघतेय का? तर तुम्ही म्हणायचात, बघत नाही म्हणूनच.

आठ महिने, नाना. दिवाळी ते जून. तुमच्या डोक्यात त्या आठ महिन्यांत किती काय आलं असेल. आणि ते कुठेही नाही. पट्टीवर नाही कारण मी बंद केली, वहीत नाही कारण वही मी आणलेली. इतकी चांगली वही की तिच्यात काही लिहिताच येणार नाही! मी जगातली सगळ्यात चांगली वही शोधली आणि माझ्या नानांचं लिहिणं थांबवलं. मला क्वालिटीला कुणी ठेवलंय?

काकूला विचारलं, तुला तरी सांगायचे का? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बठ्ठं माले सांगेत. मी म्हनू, आधी जेवा." म्हणजे सगळं तिला सांगायचात तुम्ही. मी मेमधल्या फोनचं सांगितलं, माझ्यासाठी काहीतरी सुचलं होतं त्याचं. तिला आठवलं. म्हणजे अर्धं आठवलं. तुम्ही ताटावर बसला होतात आणि हाताने दाखवत होतात, असं गोल, आणि मग हे असं आत जातं. तिने मला करून दाखवलं, डाव्या हाताचं गोल केलं आणि उजव्या हाताची बोटं त्यात फिरवून घातली. काय होतं ते? तिला माहीत नाही. ती म्हणाली, मी वाढायला उठले तेवढ्यात.

मी ते गोल किती वेळा करून बघितलंय हवेत. ऑफिसमध्ये, सिग्नलला. डबा? बाटली? हेल्मेट? परवा मीटिंगमध्ये करत बसले होते, साहेबांनी विचारलं, काही म्हणायचंय का? काय सांगू त्यांना?

सापडणार नाही ते. कळतंय मला. पण हात आपोआप जातो.

तर असं सगळं असताना गुरुवारी काकू म्हणते, वही आण. मी धरूनच चालले की हिला तुमच्या पट्ट्या एका ठिकाणी उतरवून घ्यायच्या असणार, पुढच्या महिन्यात वर्ष होईल म्हणून. म्हणून मी टिकाऊ, शोभेल अशी वही शोधत होते. म्हणजे परत तेच करत होते! परत पाटावर बसेल अशी वही.

काल मी कंपनीत होते. जेवणाची सुट्टी संपत आलेली. काकूचा फोन. मी म्हटलं बोल. ती म्हणाली, काही नाही, कामात असशील. मी म्हटलं, बोल ना. तर म्हणाली, "माले एक सुचनं."

नाना, खोटं नाही सांगत, माझ्या तोंडाशी आलं होतं. लिहून ठेव, उद्या परवा येतेच आहे. म्हणजे 'लि' पर्यंत आलं होतं! पुढे बेल वाजत होती, सगळे आत चालले होते. मी तिथेच पाइपांच्या थप्पीवर बसले आणि म्हटलं, सांग.

तिने पंचवीस मिनिटं सांगितलं. गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालते ना ती, पापडासारखे पातळ, वारा आला की अर्धे शेजारच्या गच्चीवर, आणि उलटवायला प्रत्येकाजवळ वाकायचं, कंबर जाते. तर तिचं म्हणणं, कूलरच्या दोन जुन्या जाळ्या घ्यायच्या, एका बाजूला बिजागरी लावायची, मध्ये बिबडे, आणि मिटून टाकायचं. एक बाजू वाळली की अख्खी जाळी उलटी करायची. खलास. भिकनभाऊंना विचारलंय, ते म्हणाले होईल. मी विचारलं, बिबडे जाळीला चिकटतील त्याचं काय? तर म्हणाली, त्याचंच सांगते, ऐक. आणि पुढे दहा मिनिटं. आवाजावरून मला कळत होतं, नाना. ती उभी होती.

शेवटी म्हणाली, ते गेल्यापासून मला रात्रंदिवस काहीबाही सुचतं, सांगायला कुणी नाही, म्हणून वही मागवली. आणि मग हळूच, आधी तेच सांगायचे, मला कुठे काही सुचायला वेळ होता.

मला लेट मार्क लागला. लागू दे.

तर म्हणजे वही काकूला हवीय. स्वतःसाठी! आणि मी कसले कसले कागद शेकत बसलेय. आता मला कळतंय वही कशी हवी ते. पिठाचे हात लागले तर नुसती झटकता येईल अशी. पोळपाटाखाली सापडेल अशी. एखादं पान फाडून भिकनभाऊंना दिलं तरी हळहळ वाटणार नाही अशी, आणि उन्हात पानं सुटणार नाहीत म्हणून शिवलेली. आणि मुख्य म्हणजे ती बघून कुणाला हात धुवावेसे वाटता कामा नयेत. बस. इतकं सोपं होतं ते, आणि मला इतका उशीर लागला.

दोन उरल्यात त्या दोन्ही अशाच आहेत. एक शाळेची शंभर पानी, ओळींची. दुसरी इथल्या बाइंडरने साध्या कागदाची शिवून दिलीय, कोरी, कापडाची पाठ. काळी वही शालूखालीच राहू दे, काकू म्हणते तिला हलवू नको, आणि मलाही नाही हलवायची.

उद्या मी काय करणार आहे ते सांगते आणि हे मी तुम्हाला वचन म्हणून देतेय. बसमधून उतरले की काकूच्या हातात वही द्यायच्या आधी तिचं पहिलं पान मीच खराब करणार. बिबड्यांची जाळी काढणार, वाकडीतिकडी, माझ्या घाणेरड्या मराठीत खाली लिहिणार. हळदकुंकवाला जागाच ठेवणार नाही. आणि यापुढे कुणीही मला म्हणालं की सुचलंय, काकू, बाबा, भिकनभाऊ, कुणीही, तर मी 'लिहून ठेवा' म्हणणार नाही. आधी ऐकेन. उभी असेन तिथे बसेन आणि ऐकेन. लिहायचं काम माझं.

फक्त एक ठरत नाहीये. काकू चौथी शिकलेली, अक्षर मोठं, ओळ असली की तिचा हात सरळ चालतो, पण मग ती शाळेत बसल्यासारखी जपून जपून लिहील अशी भीती वाटते. कोऱ्या पानावर तिला चित्र काढता येईल, पण कोरं पान बघून ती बिचकली तर? इथे सगळ्यांना विचारून झालं, प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुम्ही सांगा ना नाना, ओळींची देऊ की कोरी?

तुमचीच,
मयू